शून्य लिहिण्याआधी

भाईंच्या टेबलासमोरच्या भिंतीवर जगातल्या देशांची एक यादी खळीनं चिकटवलेली होती, आणि त्या यादीत सगळ्यांत शेवटी, शिसपेनीनं नाही तर चांगल्या निळ्या शाईनं, हळर्ण हे आमच्याच भागातल्या एका गावाचं नाव लिहिलेलं होतं.

मी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून रुजू झाले त्या दिवशी ती वाचत उभी राहिले. तीन रकाने होते. पहिल्यात देश. दुसऱ्यात, त्या देशात जिवंत जन्मलेल्या हजार मुलांपैकी किती वर्षाच्या आत दगावतात, तो आकडा. तिसऱ्या रकान्याच्या माथ्यावर लिहिलं होतं, ‘कशीं मेजतात?’, म्हणजे कशी मोजतात. तो जवळजवळ कोराच होता.

“हळर्ण देश कधी झाला?” मी विचारलं. वय बावीस, जीभ लांब.

भाईंनी मान वर केली नाही. “देश न्हय, बाय. पूण ह्या सगळ्या यादींत तितलोच एक आंकडो हांवें स्वता चलून मेजला. बाकीचे सगळे आयकल्ले.”

भाई आमचे आकडेवारीचे कारकून. पेडणे तालुक्याच्या आमच्या भागातल्या उपकेंद्रांतून दर महिन्याला जन्माचे, मृत्यूचे, लशींचे तक्ते यायचे. ते तपासायचे, बेरजा करायच्या आणि पणजीला पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. दुसरा कोणीही ते खुर्चीवर बसून करी. भाई पायांनी करायचे. गावात त्यांना सगळे ‘मेजपी’ म्हणत, म्हणजे मोजणारा. तोंडावर मात्र भाईच.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा सदरा, बारा महिने काळी छत्री. ऊन-पाऊस नसला तर ती कुत्र्यांसाठी. कानावर लापीस, म्हणजे शिसपेन, आणि खिशात शाईचं पेन. ऐकलेलं लापसानं लिहायचं, पाहिलेलं शाईनं, असा त्यांचा नियम होता, आणि त्यांच्या वह्यांत शाई फार थोडी असे. दुपारी चारला पदेराची, म्हणजे पाववाल्याची, घंटा वाजली की एक उंडो, गोल पाव, घेऊन तो चहात बुडवून खायचे. तेवढी दहा मिनिटं त्यांना काही विचारलेलं चालत नसे. ‘बहुतेक’ हा शब्द तर कधीच चालत नसे. आमच्या शिपायानं एकदा “डॉक्टर बहुतेक आत आहेत” असं सांगितलं, तर भाई म्हणाले, “अर्दे आसात काय?”

माझा पहिला तक्ता मी सुंदर अक्षरात भरून दिला. वर्षाखालील बालमृत्यू, शून्य. भाईंनी चष्मा काढून ठेवला.

“हें शून्य कोणें दिलें तुका?”

“दिलं म्हणजे? मूल गेलं असं कोणी सांगितलंच नाही.”

“मागीर तें शून्य न्हय. ती तुजी रजा.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “शून्य हो सगळ्यांत जड आंकडो. तो बरोवचे पयलीं दोन फावट वचून येवचें पडटा.” म्हणजे ते लिहिण्याआधी दोनदा जाऊन यावं लागतं.

दुसऱ्याच दिवशी ते माझ्याबरोबर निघाले. माझ्या तक्त्यात एक ‘मृत जन्म’ होता, त्या घरी गेलो. म्हातारी अंगणात चिंच सोलत बसली होती. भाई तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अर्धा तास माडांच्या रोगाबद्दल बोलले. बोलताना त्यांची नजर घराच्या मागच्या दोरीवर होती. कोणाच्याही घरी गेले की आधी ते दोरीवर काय वाळतंय ते बघायचे. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, “रडलें?”

म्हातारीनं चिंचोका बाजूला टाकला. “एकदा रडला. मगे गप ऱ्हवला.”

वाटेत ते मला म्हणाले, एकदा रडलं म्हणजे जन्मलं. नियम होताच, मी परीक्षेत पाठही केला होता: श्वास, हृदयाचा ठोका, नाळेची धडधड, हातापायाची हालचाल, यांतलं काहीही एक दिसलं तरी जिवंत जन्म. मग तो गेला तर मृत्यूही. दोन नोंदी.

“म्हणजे आपला आकडा वाढणार,” मी म्हणाले.

“वाडना. दिश्टी पडटा.”

त्यांचं दुसरं वेड म्हणजे पत्रं. दूरदूरच्या देशांच्या आरोग्य खात्यांना ते स्वतःच्या खर्चानं पत्रं लिहायचे. पोर्तुगीज राजवटीत शिकलेले, त्यामुळे अर्धी पोर्तुगीजमध्ये, अर्धी इंग्रजीत. विषय एकच: आपल्या देशात जन्मल्यावर तासाभरात गेलेलं मूल कुठल्या वहीत लिहितात? बहुतेक ठिकाणांहून – भाई असते तर हा शब्द त्यांनी खोडला असता – काही उत्तर येत नसे. आलं तर गुटगुटीत बाळांच्या रंगीत चित्रांची पुस्तिका यायची. पण एकदा युरोपातल्या एका देशातून कोणा कारकुनानं टंकलेलं दीड पानी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की, बाप नोंदणीला पोचायच्या आधीच मूल गेलं, तर आमच्याकडे ते जन्मांत धरत नाहीत, वेगळ्या यादीत घालतात. भाई ते पत्र घेऊन केंद्रभर फिरले. त्यांना इतकं खूष मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तिसऱ्या रकान्यातलं एक घर भरलं.

आमचे डॉक्टर चहा घेत होते. तरुण, प्रसूतीला स्वतः धावत जाणारे, चांगले गृहस्थ. ते म्हणाले, “म्हणजे भाई, आपण त्यांच्यापेक्षा बरे?”

“ना, डॉक्टर. म्हणजे आमकां खबर ना.”

“मग एवढा आनंद कसला?”

“खबर ना हें आतां खबर जालें.”

सगळ्यांची समजूत अशी होती की भाईंचं स्वतःचं एखादं मूल गेलं असणार, म्हणून हे वेड. मलाही तसंच वाटे. एकदा तेरेखोल नदीच्या काठानं चालताना मी धीर करून विचारलं. ते थांबले. छत्री मिटली.

“म्हजीं तीन भुरगीं. तिगांय बरीं आसात. धाकटो डिचोलेच्या शाळेंत गणितांत नापास जाता, इतलेंच.” थोडं चालल्यावर ते पुन्हा थांबले, या वेळी जरा रागानं. “आपलें मरचे बगर दुसऱ्याचें मेजूंक जायना काय मनशाक?”

मी माफी मागितली. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग आपण होऊन सांगितलं की तरुणपणी आपल्या गावी, डिचोलीजवळच्या सर्वणला, ते शेजारच्या म्हाताऱ्यांना किती मुलं म्हणून विचारायचे. त्या जिवंत असलेली सांगायच्या. पण चतुर्थीपासून शिगम्यापर्यंत, एकेक वर्ष घेऊन विचारलं, की दुसरी निघायची. एकीची चारची नऊ झाली. “बायलो विसरनात. विचारपी विसरता.”

ते दिवस भाषेच्या वादाचे होते. आमच्या पेडण्यात घरोघर मराठी. माझे वडील मराठीच्या मोर्चात घोषणा देऊन घसा बसवून आले होते. भाई कोंकणीवाले. केंद्रात दोन्ही बाजूंची माणसं एकाच कपाटातल्या सुया वापरत, पण चहाला वेगळी बसत. भाई दोन्हीकडे बसत आणि दोन्हीकडे कोंकणीच बोलत. गोवा घटक राज्य झालं तेव्हा केंद्रात पेढे वाटले. त्यानंतर जिकडे तिकडे एकच बोलणं सुरू झालं: गोव्याचा कोण आणि भायला कोण.

त्याच सुमारास वरच्या कचेरीतून पत्र आलं. ज्या केंद्राच्या हद्दीत त्या वर्षी सर्वांत कमी अर्भकं दगावतील त्याला ढाल, आणि नव्या जीपगाड्यांत पहिला मान. ढालीचं कोणाला काही नव्हतं. जीपचं होतं. अडलेल्या बाईला बैलगाडीतून नाहीतर मासळीच्या टेम्पोतून आणावं लागे. दोन बायका वाटेत बाळंत झालेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. वर्ष संपत आलं तेव्हा कळलं की आम्ही आणि आणखी एक केंद्र, दोघंच पुढे आहोत आणि बरोबरीत आहोत.

मोप्याच्या सड्यावर, उघड्या कातळी पठारावर, तेव्हा जांभ्या चिऱ्यांच्या खाणी होत्या. बेळगाव, कोल्हापूरकडची माणसं पत्र्याच्या खोपींत राहून चिरे काढत. तो भाग माझ्याकडे होता. एके दिवशी तिथल्या मुकादमानं निरोप दिला, एकीचं मेलेलं मूल जन्मलं. मी गेले. बाई खोपीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिचा ताप पाहिला, गोळ्या दिल्या. बाहेर आले तेव्हा दोरीवर लहान लहान फडकी वाळत होती. सहा की सात. लंगोटांची. मी ती पाहिली. मेलेल्या मुलाला लंगोट लागत नाही, हे कळायला नर्स असावं लागत नाही. मी वहीत ‘मृत जन्म’ लिहिलं आणि सडा उतरून आले.

चार दिवसांनी तक्ता भाईंपुढे गेला.

“दोरयेर कितें आशिल्लें?” त्यांनी विचारलं.

मी तक्त्याचे कागद सरळ करू लागले. ते थांबून राहिले. थांबण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शेवटी मी म्हटलं, “फडकी.”

ते रागावले नाहीत. छत्री घेतली. “चल.”

मुकादम वाटेतच भेटला. “मेलेलंच जन्मलं, सायेब. बाईंनी लिवून नेलंय न्हवं?” असं म्हणून त्यानं माझ्याकडे बोट केलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. भाई त्याला ओलांडून पुढे गेले. खोपीच्या दाराशी उकिडवे बसले. तिचा नवरा कामावरून येऊन बाजूला उभा राहिला.

भाईंनी तिला सासर कुठलं, माहेर कुठलं, पाऊस कसा, सगळं विचारलं. ती खानापूरकडची. मग नेहमीचं, “रडलें?”

तिला शब्द कळला. “रडत व्हतं की. लई रडायचं. आठ दीस व्हतं. पाच दीस दूध प्यालं. मग त्वांडच उघडंना. हात लावला की अंग ताठ व्हायचं.”

मी विचारलं, “नाळ कशानं कापली?”

“शेजारणीनं. कोयत्यानं.”

धनुर्वात. भाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. नवरा पहिल्यांदाच बोलला. “दवाखान्यात न्यायला टरक उभा व्हता, सायेब. चिरं भरल्यालं व्हतं. मुकादम म्हनला, माल उतरल्याबिगर न्हाई.” मुकादम त्याच्याच गावचा होता.

वही माझी होती. तिच्यात बदल करायचा अधिकार फक्त माझा. भाई नुसते सांगू शकत होते. पण त्यांनी सांगितलं नाही.  केंद्रावर आल्यावर मी लाल शाईनं ओळ मारली, सही केली आणि दोन नोंदी लिहिल्या. एक जन्माची, एक मृत्यूची.  त्या एका ओळीनं जीप गेली हे मला माहीत होतं.

डॉक्टरांनी वही वाचली आणि आम्हा दोघांना बोलावलं.

“भाई, ही माणसं इथली नाहीत. चार महिन्यांनी दुसऱ्या खाणीवर जातील. त्यांच्या तालुक्यात होईल नोंद.”

“तें थंय न्हय, हांगा जल्मलें, डॉक्टर. आठ दीस जगलें तें आठूय दीस पेडण्यांत.”

“उद्या एखादी बाई वाटेत अडली, तर तिला काय सांगू? आमची नोंद बरोबर होती?”

 भाई खाली बघत उभे राहिले. डॉक्टरांनी वहीवर सही केली. त्या दिवशी चार वाजता पदेर आला आणि गेला, भाई जागचे उठले नाहीत. दोन-तीन दिवस असंच चाललं. मला एवढंच म्हणाले, “डॉक्टर फट उलयना.” डॉक्टर खोटं बोलत नाहीत.

पण डॉक्टरही डॉक्टरच होते. मृत्यू लिहिला गेला म्हणजे कारण लिहिणं आलं, आणि कारण धनुर्वात म्हटल्यावर त्यांना बसवेना. दुसऱ्याच सकाळी त्यांनी स्वतः थंड पेटी खांद्याला लावली. आम्ही सड्यावरच्या एकूण एक खाणीवर गेलो आणि पोटुशा, बिनपोटुशा, सगळ्या बायकांना सुया टोचल्या. महिन्यानं दुसरी सुई. खोपीखोपीत उकळलेलं पातं आणि स्वच्छ दोरा देऊन ठेवला. त्यानंतर मी तिथे होते तोवर त्या सड्यावर धनुर्वातानं मूल गेलं नाही. ‘मृत जन्म’ लिहून ठेवला असता तर यातलं काही झालं नसतं.

ढाल दुसऱ्या केंद्राला गेली. म्हापशाला सभा झाली. व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी गोव्याचा आकडा युरोपातल्या देशांशेजारी ठेवून दाखवला, टाळ्या झाल्या. काही केंद्रं मात्र राज्याला मागे ओढतात, असंही ते म्हणाले. भाई मागच्या रांगेत उभे राहिले.

“सायबा, गोंयचो आंकडो बरो आसा, हांव मान्य करतां. पूण त्या देशांनी आपल्यो चिरेखाणी मेजल्यात काय? आनी आमी?”

लोक हसले. अधिकारी म्हणाले, “तुम्ही बसा.” भाई बसले. महिन्याभरात त्यांच्या बदलीचा हुकूम आला: डिचोलीचं औषध भांडार. घराजवळची, सोयीची बदली, असं त्यात लिहिलं होतं. भाईंनी तो दोनदा वाचला. “सर्वण लागीं पडटा, हें खरें,” एवढंच म्हणाले. औषधांच्या खोक्यांखेरीज तिथं मोजायला काही नव्हतं.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात सड्यावरच्या त्या बाईचा नवरा केंद्रावर आला. खाण बंद पडली होती, दोघं नवरा-बायको गावी निघाली होती. त्याला पोराचा कागद हवा होता.

“कशाला?” मी विचारलं.

“मुकादमानं गावात सांगितलंय, मेलेलंच झालं म्हनून. आई म्हनती, हिच्या पोटी मेलेलीच हुत्यात, दुसरं लगीन कर. कागद दाखवतो.”

वहीचा उतारा द्यायचा आमचा छापील नमुना इंग्रजीत होता. भाईंनी तो भरला, शिक्का मारला. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. “आईला बाराखडी येती. ह्ये न्हाई यायचं.”

भाईंनी एक कोरा कागद ओढला आणि सगळा उतारा मराठीत लिहून काढला. एरवी मराठीवाल्यांतही कोंकणीच बोलणाऱ्या त्या माणसाचं मराठी अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं निघालं. मुलाच्या बापानं ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचलं. आईचं नाव. बापाचं नाव. जन्म. मृत्यू. वय, आठ दिवस. कारण, धनुर्वात.

“दूध पीत व्हतं, असं लिवा की.”

तसा रकाना कुठल्याच नमुन्यात नव्हता. भाईंनी लापीस कानावरून काढलं, पुन्हा ठेवलं.

“हें कोणें पळयलें?”

“म्या बघितलंय. म्या व्हतो न्हवं.”

“तर सय कर.” भाईंनी पेन उघडलं, ‘शेरा’ असा शब्द घातला आणि त्यापुढे शाईनं लिहिलं: पाच दिवस आईचे दूध प्यायले, पित्याने समक्ष पाहिले. त्या माणसानं जीभ दातांत धरून खाली सही केली.

ती माणसं गेली, आणि सोमवारी भाईही गेले. भिंतीवरची यादी त्यांनी काढून नेली. खळीचे चार डाग राहिले.

दीड वर्षानं ती जोडी परत आली, त्याच सड्यावर, दुसऱ्या खाणीला. बाईच्या कडेवर मुलगी होती, पाच महिन्यांची, गावीच सरकारी दवाखान्यात झालेली. मी तिला लस दिली. सासूचं काय झालं ते विचारलं, तर बाई म्हणाली, “कागद देवाऱ्हात ठेवलाय त्येंनी. बोलत्यात कमी, पन बोलत्यात.”

मला राहवेना. दुपारी मी म्हापशाची बस पकडली, तिथून डिचोलीची. भांडार म्हणजे एक लांब अंधारी खोली होती. भाई सलाईनच्या खोक्यांमागे बसले होते, केस बरेच पांढरे झालेले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुलगी झाली, चांगली आहे, गुटगुटीत आहे.

भाईंनी चष्मा पुसला. तो पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग माझ्याकडे पाहिलं.

“वजन कितलें?”

मी केलं नव्हतं. लस दिली आणि आनंदाच्या भरात तशीच निघाले होते.

“गुटगुटीत म्हणजे कितें, बाय?” ते म्हणाले, आणि खिडकीतून रस्त्याकडे बोट दाखवलं. “साडेतीनाची बस आसा म्हापशाक.”

मी चहासुद्धा न घेता निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनाचा काटा खांद्याला अडकवून सडा चढले, मुलीचं वजन केलं, आणि ते एका पोस्टकार्डावर शाईनं लिहून डिचोलीला टाकलं.